कोबोकलेक्ट: भेट लिहून ठेवतं, घर विसरतं

कोबोकलेक्ट हे अ‍ॅप सुवार्तेसाठी कुणी बनवलेलं नाही. पूर, भूकंप, युद्ध अशा प्रसंगी मदतसंस्थांचे लोक दारोदार फिरून माहिती गोळा करतात. त्यांच्यासाठी हार्वर्ड विद्यापीठातल्या एका उपक्रमातून कोबोटूलबॉक्स उभं राहिलं. त्याचा अँड्रॉइड फोनवरचा भाग म्हणजे कोबोकलेक्ट, आणि तोही ओडीके कलेक्ट या मोफत अ‍ॅपवर बेतलेला आहे. तरीही बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात सुवार्ता सांगत घरोघरी फिरणाऱ्यांनी गृहभेटींची वही बाजूला ठेवून फोन वापरायचा म्हटला, तर पहिली चाचणी याचीच घ्यावी. कारणं तीन: पैसे लागत नाहीत, नेटवर्क नसताना चालतं, आणि एकाच फॉर्मात मराठी, कन्नड, इंग्रजी तिन्ही भाषा राहतात. त्यातली तिसरी सोय या भागात सगळ्यात मोलाची. घरात मराठी, उताऱ्यावर कन्नड आणि दारावरच्या पाटीवर इंग्रजी हे इथलं रोजचं आहे. दोघं जोडीनं फिरत असतील आणि एकाला कन्नड वाचता येत नसेल, तर भरता भरताच मेनूतून भाषा बदलता येते. भरलेली उत्तरं तशीच राहतात.

त्याचा मोठा दोष शीर्षकातच सांगितला आहे. त्याकडे पुढे येऊच.

फॉर्म आधी घरी, कागदावर

अ‍ॅप उघडल्यावर आत काहीच नसतं. फॉर्म तुम्हालाच बनवायचा असतो, आणि निम्मे लोक इथेच चुकतात. संकेतस्थळावर प्रश्न एकेक करून जोडता येतात, पण तीन भाषांचा फॉर्म असेल तर एक्सेलच्या तक्त्यातून केलेला बरा. या तक्त्याला एक्सएलएसफॉर्म म्हणतात. त्यात तीन पानं असतात: 'सर्व्हे' मध्ये प्रश्न, 'चॉइसेस' मध्ये पर्याय, 'सेटिंग्ज' मध्ये फॉर्मचं नाव आणि मूळ भाषा. प्रत्येक भाषेला लेबलचा वेगळा स्तंभ लागतो. स्तंभाच्या मथळ्यात भाषेचं नाव दोन्ही पानांवर अक्षरश: सारखंच हवं. एका पानावर एखादी जागा जास्त सुटली तरी अ‍ॅप तिला वेगळी भाषा समजतं, आणि मग प्रश्न मराठीत दिसतो पण पर्याय कोरे.

प्रश्न आठपेक्षा जास्त नकोत: गाव, गल्ली, घराचा क्रमांक, भेटीचा निकाल, बोलण्याची भाषा, कोणता विषय निघाला किंवा काय दिलं, परत कधी जायचं, आणि एक टीप. निकालाचे पर्यायही मोजकेच ठेवा: कुलूप, बोलणं झालं, आज वेळ नाही, परत या म्हणाले, पुन्हा येऊ नका म्हणाले. 'रेलव्हंट' नावाच्या स्तंभात अट घातली की 'कुलूप' निवडल्यावर पुढचे चारही प्रश्न दिसतच नाहीत. बंद घराची नोंद चार टिचक्यांत संपते. ही अट राहिली तर माणूस बंद दारासमोर उभा राहून 'भाषा कोणती' या प्रश्नाला उत्तर शोधत बसतो. तिसऱ्या दिवशी फोन खिशात जातो आणि वही पुन्हा बाहेर येते.

गाव आणि गल्ली यांची यादी पायरीपायरीने येऊ द्या. मारुती गल्ली बेळगावात आहे आणि आसपासच्या कितीतरी गावांतही आहे, लक्ष्मी गल्लीचंही तसंच. सगळ्या गल्ल्या एकाच लांब यादीत टाकल्या तर येळ्ळूरचं घर अनगोळात जाऊन बसतं. 'चॉइसेस' पानावर प्रत्येक गल्लीपुढे तिच्या गावाचा कोड लिहायचा आणि 'सर्व्हे' पानावर 'चॉइस फिल्टर' या स्तंभात तो कोड जुळवायचा. हिंडलगा निवडलं की फक्त हिंडलग्याच्या गल्ल्या दिसतात. कणकुंबी-जांबोटीकडच्या वस्त्यांना गल्लीच नसते. तिथे गल्लीच्या जागी वाडा किंवा वस्ती लिहा आणि यादीच्या शेवटी 'यादीत नाही' हा पर्याय ठेवा.

घराचा क्रमांक

घरपट्टीचा क्रमांक सगळ्यांना ठाऊक नसतो. सिटी सर्व्हेचा असला तरी दारावर असेलच असं नाही. म्हणून स्वत:चा क्रमांक द्या: गावाचे 2 अंक, गल्लीचे 2 आणि घराचे 3, असा 7 अंकी. गावाचे कोड 01 ऐवजी 11 पासून सुरू करा. शून्यानं सुरू होणारा आकडा पूर्णांकाच्या प्रश्नात टिकत नाही, आणि एक्सेलमध्ये तर हमखास गळतो. मग 0112045 आणि 112045 ही दोन घरं होऊन बसतात.

मोबाईल क्रमांक घ्यायची वेळ आली तर तो पूर्णांकाच्या प्रश्नात घेऊ नका. तिथे 9 अंकच मावतात आणि आपला क्रमांक 10 अंकी. प्रश्न 'टेक्स्ट' प्रकारचा ठेवून त्याला आकड्यांचा कीबोर्ड लावा. आणखी एक खोड या भागात हटकून दिसते. फोनचा कीबोर्ड मराठीवर असेल तर मजकुराच्या रकान्यात देवनागरी अंक उमटतात. माणसाला ४५ आणि 45 एकच, संगणकाला नाही. घर शोधताना सापडत नाही आणि 'नोंद गेली कुठे' म्हणून आरडाओरडा होतो. क्रमांकाच्या रकान्यावर फक्त इंग्रजी अंक चालतील अशी अट 'कन्स्ट्रेंट' स्तंभात घाला, आणि चूक झाल्यावर दिसणारा संदेश मराठीत लिहा. संदेश लिहिला नाही तर अ‍ॅप नुसतंच पुढे जाऊ देत नाही, आणि का ते कळत नाही.

नावाच्या रकान्याबद्दल एक मत. पूर्ण नाव विचारण्यापेक्षा पुढच्या खेपेला हाक काय मारायची ते लिहा: 'अक्का', 'मामा', 'मास्तर'. पुढच्या भेटीत उपयोग त्याचाच होतो. आणि फोन हरवला तर कुणाच्या हाती काही फारसं लागत नाही.

जीपीएस कुठे, कुठे नको

फॉर्ममध्ये 'जिओपॉइंट' हा प्रश्न टाकला की अ‍ॅप उपग्रहावरून जागा टिपतं. अचूकता 5 मीटरच्या आत आली की ते बिंदू आपोआप साठवतं, तोवर थांबतं. खानापूर तालुक्यातल्या सुट्या वस्त्यांसाठी हे सोनं आहे. ओढ्याच्या पलीकडचं, काजूच्या बागेमागचं घर पुढच्या वर्षी दुसऱ्या कुणालाही सापडतं. बेळगावातल्या शहापूर किंवा खडेबाजाराच्या आसपास मात्र याचा काही उपयोग नाही. भिंतीला भिंत लागलेली घरं, समोरासमोर दोन हातांचं अंतर आणि वर तीन मजले. लहरी भिंतींवर आपटून येतात, 5 मीटर काही येत नाहीत आणि माणूस परक्याच्या उंबऱ्यावर फोन वर धरून उभा राहतो. घरातल्यांना ते फोटो काढल्यासारखं वाटतं, आणि त्यात त्यांचं चूक नाही. शहरात हा प्रश्न काढून टाका. दोन भागांना दोन फॉर्म ठेवायला हरकत नाही.

जीपीएसला इंटरनेट लागत नाही, पण इंटरनेट नसलं की पहिला बिंदू मिळायला वेळ लागतो. एरवी उपग्रहांची माहिती फोन नेटवरून पटकन मागवतो, तशी न मिळाल्यानं ती थेट आकाशातून घ्यावी लागते. म्हणून खानापूर सोडायच्या आधी, नेटवर्क असताना, एकदा नकाशा उघडून जागा पकडून घ्या. जांबोटीच्या पुढे मग त्रास कमी होतो.

फोनवर बसवताना

प्ले स्टोअरवरून अ‍ॅप घेतल्यावर सर्व्हरचा पत्ता, वापरनाव आणि पासवर्ड भरायचा. वापरनाव म्हणजे ईमेल नव्हे. पहिल्यांदा 'लॉगिन होत नाही' अशी तक्रार आली की बहुतेक वेळा तिथे ईमेल टाकलेला असतो. दुसरं कारण पत्त्याचं. जागतिक सर्व्हरवर संकेतस्थळ उघडायचा पत्ता 'केएफ' ने सुरू होतो, अ‍ॅपमध्ये भरायचा 'केसी' ने. जागतिक सर्व्हरवर खातं काढून युरोपीय सर्व्हरचा पत्ता भरला तरी तेच होतं; दोन्हीकडची खाती वेगळी असतात.

नंतर 'डाउनलोड फॉर्म', मग 'स्टार्ट न्यू फॉर्म', भरून झालं की 'फायनलाइज', आणि नेटवर्क आल्यावर 'सेंड'. 'ड्राफ्ट' म्हणून ठेवलेला फॉर्म पाठवला जात नाही. संध्याकाळी घरी आल्यावर 'सगळं पाठवलं' म्हणणाऱ्याच्या फोनमध्ये अर्धे फॉर्म ड्राफ्टमध्ये पडलेले असतात. आपोआप पाठवण्याची सोय सेटिंगमध्ये आहे, पण बॅटरी वाचवणारे काही फोन पडद्याआडचं काम बंद पाडतात. तिच्यावर विसंबू नका. 'रेडी टू सेंड' समोरचा आकडा शून्य झाला की नाही ते रोज रात्री बघा.

पावसाळ्यात एक बदल आवर्जून करा. पुढच्या प्रश्नाला बोट सरकवूनही जाता येतं, आणि ओल्या काचेवर थेंबही बोटासारखा सरकतो. प्रश्न आपोआप उड्या मारतात, कुलपाचं 'बोलणं झालं' होतं. सेटिंगमध्ये सरकवण्याऐवजी फक्त बटणं निवडा. आणि पाठवायचं बाकी असताना अ‍ॅप काढून टाकू नका, फोनच्या सेटिंगमधलं 'क्लिअर डेटा' दाबू नका. नोंदी अ‍ॅपच्याच कप्प्यात असतात. कप्पा गेला की त्या परत आणायचा मार्ग नाही.

आयफोनवाल्यांना हे अ‍ॅप मिळत नाही. त्यांनी ब्राउझरमधला फॉर्म वापरायचा. तो एकदा उघडला की पुढे नेट नसतानाही भरता येतो, पण न पाठवलेल्या नोंदी ब्राउझरच्या साठ्यात राहतात. ब्राउझर साफ केला की त्याही जातात. चार दिवस नेटवर्कबाहेर राहणाऱ्यानं आयफोनवर भरवसा ठेवू नये.

आणि आता दोष

गृहभेटीचा जीव पुनर्भेटीत असतो. मागल्या खेपेला आजोबा कशावर अडले होते, सूनबाईंनी कोणती पुस्तिका ठेवून घेतली, 'गणपती झाल्यावर या' असं कोण म्हणालं, हे दारात उभं राहण्याआधी हाताशी हवं. कोबोकलेक्टला हे येत नाही. त्याच्या लेखी प्रत्येक भरलेला फॉर्म म्हणजे एक सुटी चिठ्ठी. ती सर्व्हरवर गेली की पुढच्या भेटीच्या फॉर्मशी तिचा काही संबंध उरत नाही. मदतसंस्थेचा माणूस एका घरी एकदाच जातो, त्याचं काम यात भागतं. प्रचारकाचं भागत नाही.

यावर एक जुगाड आहे आणि तो चालतो, पण दर आठवड्याला कुणीतरी खपावं लागतं. शनिवारी सगळ्या नोंदी एक्सेलमध्ये उतरवायच्या. प्रत्येक घराची फक्त शेवटची ओळ ठेवायची: क्रमांक, तारीख, निकाल, टीप. ती यादी सीएसव्ही (साध्या मजकुरातला तक्ता) करून फॉर्मला जोडायची आणि फॉर्म पुन्हा प्रकाशित करायचा. फॉर्ममध्ये 'पुलडेटा' हे सूत्र घातलं असेल तर घराचा क्रमांक टाकताच मागची भेट पडद्यावर येते. फोनवर फॉर्म ताजा करणं मात्र प्रत्येकानं करायला हवं. न केल्यास तो मागच्याच आठवड्याची यादी घेऊन फिरतो आणि त्याला कळतही नाही. सेटिंगमध्ये 'सर्व्हरशी तंतोतंत जुळवा' अशा अर्थाचा पर्याय आहे, तो निवडला तर ही चिंता बरीच कमी होते.

'एका प्रकल्पाची माहिती दुसऱ्याला आपोआप जोडा' अशीही सोय कोबोत आहे, आणि ती पाहून लोक खूश होतात. जरा जपून. एकाच घराच्या पाच भेटी असतील तर सूत्र त्यातली एकच उचलतं, आणि ती ताजीच असेल याची हमी नाही. हातानं केलेली शनिवारची यादी बरी.

यादी उतरवताना एक्सेलचीच फाईल मागवा. कोबोची सीएसव्ही अर्धविरामांनी तोडलेली येते, आणि सीएसव्ही एक्सेलमध्ये थेट उघडली की देवनागरीचा चिखल होऊ शकतो.

एखाद्या मंडळीत, म्हणजे एकत्र उपासना करणाऱ्या स्थानिक गटात, संगणकातलं जाणणारं कुणी असेल, तर ओडीकेच्या मूळ सर्व्हरकडे वळणं शहाणपणाचं. त्यात 'एन्टिटी' ही कल्पना आहे. घर ही एक कायमची वस्तू, आणि प्रत्येक भेट तिच्यात भर घालते. पुनर्भेटीला हवं ते नेमकं हेच. अडचण एवढीच की तो सर्व्हर स्वत: चालवावा लागतो नाही तर पैसे देऊन घ्यावा लागतो. 15-20 जणांच्या मंडळीला हे जड जातं. तिच्यासाठी कोबो आणि शनिवारचा एक तास पुरेसा आहे.

तासांचा हिशोब

यहोवाचे साक्षीदार हा घरोघरी प्रचार करणारा ख्रिस्ती पंथ. त्यांच्यात नोव्हेंबर 2023 पासून साध्या प्रचारकांना तास कळवावे लागत नाहीत. महिन्यात सेवाकार्यात भाग घेतला की नाही आणि बायबल अभ्यास किती, एवढंच कळवायचं. नियमित पायनियरांना, म्हणजे सेवेला ठरावीक तास देणाऱ्या प्रचारकांना, मात्र वर्षाला 600 तासांचं ध्येय असतं आणि त्यांचं सेवावर्ष सप्टेंबरात सुरू होतं. म्हणजे तासांची नोंद ठेवायची गरज फार थोड्यांना आहे. तरी फॉर्ममध्ये प्रत्येक जण 'स्टार्ट' आणि 'एंड' हे आपोआप भरणारे रकाने टाकतो आणि महिन्याच्या शेवटी बेरीज करायला बसतो. ते रकाने फॉर्म उघडल्यापासून बंद होईपर्यंतचा वेळ मोजतात. घरात बसून झालेल्या बोलण्याचा किंवा चालण्याचा नव्हे. जेवताना अर्धवट ठेवलेला फॉर्म दोन तासांची भेट दाखवतो. तास हवे असतील तर दिवसाकाठी एकदा भरायचा वेगळा, तीन प्रश्नांचा फॉर्म करा: तारीख, तास, अभ्यास. आणि मंडळीत नोंदीची ठरलेली पद्धत असेल, तर हे सगळं करण्याआधी मंडळीची जबाबदारी सांभाळणाऱ्या वडीलधाऱ्यांना विचारा.

काय लिहायचं नाही

10 जुलै 2018 रोजी युरोपीय संघाच्या न्यायालयाने फिनलंडमधल्या एका प्रकरणात निकाल दिला. घरोघरी प्रचार करताना साक्षीदारांनी टिपलेली नावं-पत्ते हा त्यांचा खासगी मामला नव्हे, आणि त्या माहितीची जबाबदारी प्रचारकाबरोबर समुदायावरही येते, असं त्यात म्हटलं. टिपणं वहीतली असली तरीही. तो निकाल आपल्याला लागू नाही. पण आपल्याकडे 2023 चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा झाला आहे. माणसानं स्वत:च्या वैयक्तिक कामासाठी ठेवलेली माहिती त्यातून वगळली आहे. तुमच्या फोनमधली तुमचीच टिपणं त्यात बसतात असं म्हणता येईल. 12 जणांनी एका सर्व्हरवर चढवलेली अख्ख्या गावाची यादी त्यात बसते असं म्हणणं धाडसाचं. संमतीची विनंती इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतल्या भाषेत वाचायची मुभा हवी, असंही त्या कायद्यात आहे. मराठी, कन्नड, कोंकणी, उर्दू चारही त्या अनुसूचीत आहेत. तेव्हा फॉर्मच्या सुरुवातीला दोन ओळींची सूचना चारही भाषांत ठेवायला अवघड काही नाही.

धर्म, जात, आजार, घरातलं भांडण यांचे रकाने फॉर्ममध्ये नकोतच. टीपेच्या रकान्यातही नकोत, आणि ते तिथेच हमखास शिरतात. सीमाभागात तर भाषेच्या रकान्यापुढेही थबकावं. तो घराची मातृभाषा नोंदवायला नाही, पुढच्या भेटीला कुणी जावं हे ठरवायला आहे. त्याचं लेबल 'बोलणं कोणत्या भाषेत झालं' असंच लिहा.

सर्व्हरवर 'वापरनाव-पासवर्डाशिवाय नोंदी स्वीकारा' ही खूण बंद ठेवा. फिरणाऱ्यांना फक्त नोंद भरण्याचा हक्क द्या, सगळ्यांच्या नोंदी वाचण्याचा नको. फॉर्म कूटबद्ध करण्याची सोय आहे, पण ती घेतली तर संकेतस्थळावर काहीच वाचता येत नाही. किल्ली वापरून संगणकावर उलगडावं लागतं, आणि किल्ली हरवली की सगळंच हरवलं. शिवाय ड्राफ्टमध्ये असलेले फॉर्म तेव्हाही उघडेच असतात. लहान मंडळीनं त्या वाटेला जाऊ नये. कमी लिहावं, ते जास्त सुरक्षित.

'पुन्हा येऊ नका' म्हणणाऱ्या घराचा फक्त क्रमांक, तारीख आणि निकाल ठेवा. हाक, टीप, फोन पुसून टाका. हा निकाल शनिवारच्या यादीतही जायला हवा, नाही तर नवा माणूस पुढच्या महिन्यात त्याच दारात उभा राहील. फोनवर पाठवून झालेल्या नोंदींची प्रत 'सेंट' मध्ये तशीच राहते. सेटिंगमध्ये 'डिलीट आफ्टर सेंड' चालू केलं की ती जाते. हे बटण सुरुवातीला बंद असतं.